पिल्लांचे मामा

"आधी हात गरम करा."

पिल्लांच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला मामा हे सांगायचे. समोरच्याचा हुद्दा किंवा वय बघायचे नाहीत. एकदा परदेशातून एक मोठ्या शास्त्रज्ञबाई आमचं काम बघायला आल्या होत्या. त्यांनाही त्यांनी सांगितलं, "पहले हाथ गरम कीजिए, मॅडम." बाईंना हिंदी कळत नव्हतं. मग त्यांनी स्वतःचे तळवे एकमेकांवर घासून दाखवले, गालाला लावून दाखवले, आणि बाईंनी तसं करेपर्यंत ते दारातून हलले नाहीत. आमचे डायरेक्टर मागे उभे राहून कपाळाला आठ्या घालत होते. बाई मात्र हसल्या आणि शहाण्या मुलीसारखे हात चोळायला लागल्या.

तुमच्यापैकी फार थोड्यांनी दोन तासांचं डुकराचं पिल्लू हातात घेतलं असेल. डुक्कर म्हटलं की आपल्यासमोर नाल्याच्या कडेचं, चिखलात लोळणारं जनावर येतं. नुकतं जन्मलेलं पिल्लू तसं नसतं. त्याची कातडी बाळासारखी गुलाबी असते, अंगावर चरबी जवळजवळ नसते, आणि गार हात लागला की ते आक्रसून बराच वेळ थरथरत राहतं. "डुक्कर म्हटलं की लोक नाक मुरडतात," ते म्हणायचे. "त्यांनी पहिल्या दिवसाचं पिल्लू बघितलेलं नसतं, एवढंच."

आमची संस्था मानेसरच्या पुढे, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांच्या मागच्या बाजूला होती. तान्ह्या मुलांना विषाणूंमुळे जे जुलाब होतात, त्यांवरच्या एका नव्या लशीवर आम्ही काम करत होतो. डुकराच्या पिल्लाचं आतडं माणसाच्या बाळाच्या आतड्याशी बरंच जुळतं, आणि विषाणूनं ते आजारीही तसंच पडतं. म्हणून पिल्लं. ती जन्मताक्षणी, जमिनीला अंग लागायच्या आत, निर्जंतुक चादरीत झेलायची आणि काचेच्या बंद पेट्यांमध्ये ठेवायची. पेटीला रबरी हातमोजे बसवलेले असत. त्यांत हात घालून आतलं सगळं काम करायचं, दूध पाजण्यापासून वजन करण्यापर्यंत. काही पिल्लांना लस द्यायची, काहींना नाही. मग सगळ्यांनाच विषाणू पाजायचा आणि काय होतं ते बघत बसायचं.

घरी मी "लहान मुलांच्या लशीचं काम" एवढंच सांगत असे. आईच्या भिशीत तर मी मुलांची डॉक्टर झाले होते. तो गैरसमज मी कधी दूर केला नाही.

हे गृहस्थ त्या पिल्लांची देखभाल करायचे. मूळचे नगरकडचे. उमेदीची सगळी वर्षं सैन्याच्या पशुवैद्यकीय विभागात घोड्याखेचरांची सेवा करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर मुलगा गुरुग्रामला नोकरीला म्हणून इकडेच राहिले आणि एका कंत्राटदारामार्फत आमच्याकडे लागले. रविवारी सकाळी पिल्लांचं दूध उरकून ते इस्त्रीचा शर्ट घालायचे आणि चर्चला जायचे. अख्ख्या संस्थेत मराठी आम्ही दोघंच. मी त्यांना पहिल्याच आठवड्यात मामा म्हणायला लागले. ते मला चारचौघांत मॅडम म्हणायचे आणि एरवी डॉक्टरीणबाई.

माझं मराठी दिल्लीत वाढलेल्या मुलीचं. सरकारी क्वार्टर्समध्ये बालपण गेलं, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. नेहमीचे शब्द यायचे, बाकीचे गळून गेले होते. एकदा मी त्यांना सांगत होते की पिल्लांना आईचं कोलोस्ट्रम मिळता कामा नये, कारण त्यातून त्यांना प्रतिकारशक्ती मिळते आणि प्रयोग फसतो.

"म्हणजे चीक," ते म्हणाले.

"काय?"

"चीक. व्यायल्यावरचं पहिलं दूध. खरवस खाता ना?"

"खरवस खाते."

"कशाचा करतात?"

मला सांगता येईना. तीन वर्षं मी ज्या पदार्थावर वाचत होते, लिहीत होते, त्याचं माझ्या भाषेतलं नाव मला एका परिचरानं सांगितलं. ते हसले नाहीत. "आता राहील लक्षात," म्हणाले. त्यानंतर हे असंच चालू झालं. दुधाच्या बाटल्या उकळता उकळता त्यांनी मला आचळ, वेत, दावण असे कितीतरी शब्द दिले. आईशी फोनवर बोलताना मी ते मुद्दाम वापरायची. तिला वाटायचं, माझं वाचन वाढलंय.

पिल्लांना नाव ठेवायला त्यांची सक्त मनाई होती. कुणा ट्रेनी मुलीनं लाडानं एखादं नाव घेतलं की ते म्हणायचे, "नाव नको बेटा. नंबर पुरे. नाव ठेवलं की शेवटी हात थरथरतो." पण कोणतं पिल्लू बाटली डावीकडून घेतं, कोणाला झोपताना पाठ काचेला टेकलेली लागते, कोण दूध संपल्यावरही चोखत राहतं, सगळं त्यांना पाठ होतं.

आणि ते लिहायचे. सैन्यातली सवय. तक्ता इंग्रजीत छापलेला होता, आकडे ते त्यात भरायचे. शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तिथे मात्र मराठी. "घाईत दुसरी भाषा सुचत नाही," म्हणायचे. रोज संध्याकाळी मी शेरे वाचून खाली सही करायची, म्हणून कुणी हरकत घेतली नव्हती. काहीही विचारा, त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "लिहून ठेवलंय." तपासायला जा, खरोखर लिहिलेलं असायचं, मिनिटासकट.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फार थोड्यांना सांगितलं आहे.

आमच्या प्रयोगांना काही नियम होते, आणि ते मीच लिहून मंजूर करून घेतले होते. त्यांतला एक असा की आजारी पिल्लू स्वतःहून उभं राहू शकलं नाही आणि चोखेनासं झालं, तर थांबायचं नाही. ताबडतोब इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे मरू द्यायचं. नमुना मिळो न मिळो. इंजेक्शन देण्याचा अधिकार डॉक्टरला, म्हणजे मला, आणि मी नसेन तर संस्थेच्या पशुवैद्याला.

त्या दिवशी मी गुरुग्रामला एका उंच इमारतीत, ज्यांच्या मदतीवर आमचा प्रकल्प चालला होता त्यांच्यासमोर बसले होते. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मामांचा फोन आला. मी बाहेर येऊन घेतला.

"डॉक्टरीणबाई, सातवा उठत नाही. डोळे आत गेलेत. बाटली तोंडात धरत नाही."

सातवं पिल्लू लस न दिलेल्या गटातलं होतं. त्या गटातली दोन आधीच गेली होती. चार वाजता विषाणू पाजल्याला बरोबर तीन दिवस पूर्ण होणार होते. त्या वेळचा नमुना मिळाला नसता तर माझ्या आलेखातला एक बिंदू रिकामा राहिला असता, आणि तो आलेख मला पुढच्या आठवड्यात ह्याच लोकांना दाखवायचा होता.

"चारपर्यंत थांबा," मी म्हणाले.

"साखरमिठाचं पाणी तरी देऊ का?"

"नको. काही देऊ नका. मी येते चारला."

"बरं," ते म्हणाले.

मी आत जाऊन बसले. चहा झाला, जेवण झालं. मानेसरला पोचायला मला चार वाजून वीस मिनिटं झाली. मामा पेटीसमोर स्टुलावर बसले होते, दोन्ही हात रबरी मोज्यांत, आणि ते पिल्लू त्यांच्या ओंजळीत होतं. जिवंत होतं. मान धरत नव्हतं. मी नमुना घेतला, मग इंजेक्शन दिलं. वेळ लिहिली, चार चाळीस. हात बाहेर काढून मामांनी मोज्यातल्या घामानं पांढरी पडलेली बोटं शर्टाला पुसली. संध्याकाळी मी शेऱ्याखाली नेहमीसारखी सही केली. शेरा वाचला होता. तरी केली.

महिन्याच्या तपासणीला बाहेरचे पशुवैद्य आले तेव्हा त्यांच्या नजरेला दोन वेळा पडल्या, अकरा दहा आणि चार चाळीस. मधे साडेपाच तास. त्यांनी प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीला कळवलं. आठ दिवसांनी बैठक बोलावली गेली. अध्यक्ष एक वयस्कर, शांत गृहस्थ होते, अलाहाबादकडचे. टेबलाच्या एका बाजूला ते पाच जण, समोर मी. मामा दाराजवळ उभे. त्यांना बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही. मलाही नाही.

अध्यक्षांनी रजिस्टर उघडलं. लिपी त्यांना वाचता येत होतीच. "सातवा उठत नाही... मॅडमना फोन... ये आगे क्या है? 'थांबा म्हणाल्या'? ये तो मराठी है. डॉक्टर साहब, आप पढ़ दीजिए."

रजिस्टर माझ्यासमोर आलं. मामांचं गोल, सुटं सुटं अक्षर. "११.१० मॅडमना फोन केला. चारपर्यंत थांबा म्हणाल्या."

मी वाचून दाखवलं. "लिखा है, मॅडम को फोन किया. चार बजे तक रुकना तय किया."

हिंदी तुम्हालाही येतं. बघा, त्या वाक्यात धड खोटं असं बोट ठेवता येत नाही. तय किया. कोणी केलं, ते वाक्य सांगत नाही. मराठीतल्या 'म्हणाल्या' ह्या एका शब्दात मी सगळीच्या सगळी उभी होते, आणि हिंदीत जाताना मी त्यातून हळूच बाहेर पडले. हे मी आधी ठरवलं नव्हतं. पण तोंडातून ते इतक्या सफाईनं निघालं की ठरवलं नव्हतं हे कुणाला सांगायची मला लाज वाटते.

"किसने तय किया?" अध्यक्षांनी विचारलं.

मी म्हणाले, "अंदर नेटवर्क ठीक नहीं रहता, सर. बात पूरी नहीं हो पाई थी."

हे मात्र निखळ खोटं होतं.

अध्यक्ष दाराकडे वळले. "आपने तय किया? आपका लिखा है, आप ही बताइए."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बघण्यात राग असता तर मला पुढची वर्षं सोपी गेली असती. एखादं जनावर अचानक लंगडायला लागावं आणि कुठे दुखतंय ते शोधावं, तसं ते बघत होते.

"मॅडम को मराठी आती है, सर," ते म्हणाले. "जो उन्होंने पढ़ा, वही लिखा होगा."

फोनचा तपशील कुणी मागितला नाही. पत्र निघालं, की परिचराच्या निर्णयातील दिरंगाईमुळे पिल्लाला टाळता येण्याजोगा त्रास झाला. कंत्राटदारानं त्यांना आमच्याकडून काढून एका कारखान्याच्या गेटवर नेमलं.

शेवटच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा पोचले. ते किल्ल्या देऊन गेले होते. पिल्लांच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला होता. त्यांच्या जागी आलेला माणूस गोरखपूरचा, चाळिशीचा, नेक. तो कागदासमोर उभा होता.

"मॅडम, ये क्या लिखा है? आप पढ़ देंगी?"

मी वाचायला लागले. तीन नंबर बाटली डावीकडून घेतो. पाचला आधी ढेकर काढावा, मग उरलेलं दूध. नऊची पाठ काचेला टेकवून ठेवावी, नाहीतर झोपत नाही. अकराचं नाक चोंदतं, दूध कोमट पाहिजे, गरम नको. एकेका ओळीचं मी त्याला हिंदी करून सांगितलं, अगदी नीट, एकही शब्द न गाळता. तो मान डोलवत होता. सगळ्या ओळी संपल्यावर त्यानं मला पाणी आणून दिलं.

पुढे काय झालं ते तुम्ही ओळखलं असेल. आलेख पूर्ण झाला. लेख छापून आला. त्यातल्या तिसऱ्या आकृतीत तो बिंदू आहे, काळा, गोल, इतरांसारखाच. मला बढती मिळाली. मेट्रोत एकदा समोर खाकी स्वेटर घातलेला, पाठमोरा माणूस दिसला आणि मी दोन स्टेशनं आधीच उतरले. ते मामा नव्हते. मी मात्र फलाटावर पंधरा मिनिटं बसून होते.

तीन वर्षांनी मला त्याच समितीवर घेतलं. पहिल्या बैठकीत मी टेबलाच्या त्या बाजूला बसले. समोर एक परिचर उभा होता, दुसऱ्याच कुठल्या तरी किरकोळ चुकीसाठी. त्यानं बोलायला तोंड उघडलं आणि मला काही ऐकूच येईना. मी म्हणाले, "आप बैठ जाइए पहले." तेवढंच म्हणून बाहेर आले. त्या आठवड्यात मी सगळं लिहून काढलं, फोन, माझे शब्द, त्यांचा शेरा आणि त्याचा खरा अर्थ, आणि नव्या अध्यक्षांना दिलं. त्यांनी वाचून चष्मा काढला. "इतनी पुरानी बात," म्हणाले. पण मी आग्रह धरला. मला लेखी समज मिळाली, समितीवरून मी दूर झाले, आणि मामांवरचा ठपका मागे घेतल्याचं दोन ओळींचं पत्र निघालं. त्याची प्रत घेऊन मी एका रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले.

मानेसरजवळच्या एका गावात ते दोन खोल्यांत राहत होते. गेटवरची नोकरी सोडून घरमालकाच्या म्हशी सांभाळत होते. मामींनी मला ओळखलं नाही. नाव सांगितल्यावर मात्र त्यांना केवढा आनंद झाला. "अगं बाई, तुम्हीच होय त्या. हे फार सांगायचे तुमचं. तिथलं कंत्राट संपलं आणि तुमची गाठ राहिली."

कंत्राट संपलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं होतं.

मामी चहा टाकायला आत गेल्या. मी पत्र पुढे केलं आणि जे पाठ करून आले होते ते बोलायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं. चष्मा लावून पत्र वाचलं, दोन ओळींना लागतो त्याहून जास्त वेळ लावून. मग घडी घालून माझ्या हातात परत दिलं.

"तुमच्याकडेच राहू द्या, मॅडम."

त्या घरात आम्हा दोघांखेरीज समोर कुणी नव्हतं. तरी मॅडम.

"मामा, माझ्यामुळे तुम्हाला..."

"मला काय झालं? गेटवर खुर्ची होती, पंखा होता. बरं होतं." ते दाराबाहेर बघत म्हणाले. "साडेपाच तास त्यानं काढले. मी हात घालून बसलो होतो, मला माहितीय ते कसे काढले."

मी हातातल्या पत्राची घडी पुन्हा घातली.

"आणि तुम्ही थांबा म्हणालात, पण थांबलो मी," ते म्हणाले. "पशुवैद्य वरच्या मजल्यावर होते. जिना चढून गेलो असतो तर झालं असतं काम. नाही गेलो. मला वाटायचं, लिहून ठेवलं की आपलं काम झालं."

"तुमची काही चूक नव्हती, मामा."

"ते तुम्ही नका सांगू," ते म्हणाले, अजिबात आवाज न चढवता.

मामी चहा आणि चकल्या घेऊन आल्या. आईची तब्येत विचारली, लग्न कधी करणार विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. चकली खाल्ली. दिल्लीत असली खुसखुशीत भाजणी मिळत नाही म्हणाले, आणि ते खरं होतं.

पुढच्या वर्षी ते दोघं नगरला कायमचे परत गेल्याचं मला घरमालकाकडून कळलं. त्यांचा जुना नंबर लागत नाही. नवा मी शोधलेला नाही. शोधला तर कशासाठी, हे मला स्वतःला सांगता येत नाही.

त्या दुपारी निघाले तेव्हा ते रस्त्यापर्यंत सोडायला आले. कोपऱ्यावर शेअर रिक्षा उभी होती. चालकाला म्हणाले, "मॅडम को मेट्रो की बस तक छोड़ देना," आणि वळून गोठ्याकडे गेले. मी मागच्या बाकावर बसले. पण असली रिक्षा पूर्ण भरल्याशिवाय सुटत नाही, आणि रविवार असल्यामुळे कुणी येईना. गोठा रस्त्याला लागूनच होता, मधे नुसतं काटेरी तारेचं कुंपण. मामांनी एका लहान रेडकाला खुंट्यावरून सोडलं, आईखाली लावलं, त्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. ते पीत होतं. मग त्याला बाजूला घेऊन त्यांनी त्याचं तोंड फडक्यानं पुसलं, बादली विसळली, शेण ओढलं. वीस पावलांवर मी बसलेली त्यांना दिसत होते. त्यांनी मान फिरवली नाही, आणि मुद्दाम फिरवली नाही असंही वाटत नव्हतं. त्यांना काम होतं.

एकेक करत माणसं आली. रिक्षा सुटायला पाऊण तास लागला.